दादाने ठेवलेला हात

"एकाचीही नोकरी जाणार नाही, एवढं बोल. पुढचं मी बघतो," दादा साहेबांना म्हणाला.

सॉर्टिंग हॉलचं फाटक आतल्या सॉर्टरांनी बंद करून घेतलं होतं आणि बोलणी करायला फक्त साहेबांना आत घेतलं होतं. बाहेर टपाल वेगळं करणारं नवं मशीन घेऊन आलेला ट्रक उभा होता, आणि त्याच्यामागे पोलिसांची गाडी. मंत्र्यांनी साहेबांना सकाळीच बजावलं होतं, "काहीही सांगा, पण संध्याकाळपर्यंत फाटक उघडलं पाहिजे. नाहीतर पोलीस आत शिरतील आणि तुम्ही घरी जाल." निम्मी माणसं कमी करायचं ठरलंय, हेही त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

साहेब म्हणजे देशाच्या टपाल खात्याचे प्रमुख. पण त्यांना आधी याच हॉलमध्ये नोकरीला चिकटवलं होतं ते थोरल्या भावाने, दादाने. परीक्षा देत देत धाकटा पार वर पोचला. दादा सॉर्टरचा सॉर्टरच राहिला आणि भेटेल त्याला धाकट्याचं कौतुक ऐकवून वात आणत राहिला.

खरं बोलावं तर आत्ता डोकी फुटणार, खोटं बोलावं तर उद्या घरं उघड्यावर पडणार. त्यात साहेबांना आपली खुर्ची जाण्याची भीतीही होतीच.

"कोणाचीही नोकरी जाणार नाही," ते म्हणाले.

खिडकीजवळची एक सॉर्टर बाई उठली. "साहेब, टेबलावर हात ठेवून सांगा."

ही त्या हॉलची जुनी रीत. पाकीट गहाळ झालं, भांडण पेटलं, की ज्याच्यावर आळ असेल त्याने सॉर्टिंगच्या टेबलावर हात ठेवून काय ते बोलायचं. त्यानंतर कुणी अवाक्षर काढत नसे.

साहेबांचा हात खिशातून निघेना.

"अगं, तो काय परका आहे?" दादा हसला. "त्याच्या वतीने हा माझा घे." त्याने आपला हात टेबलावर ठेवला. "माझा भाऊ बोलला ते खरं."

"दादा, ऐक..."

"पुरे आता. घामाघूम झालायस नुसता," म्हणत दादाने त्यांच्या पाठीवर थोपटलं.

साहेबांना लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी खिशातून रुमाल काढून नुसता घाम पुसला.

फाटक उघडलं. पोलिसांची गाडी निघून गेली. ट्रक आत घ्यायला जागा अरुंद होती. मशीनला धक्का लागू नये म्हणून दादा स्वतः पुढे झाला आणि ड्रायव्हरला हात दाखवत राहिला, "या... या... अजून या."