अर्ध्या पाठीचं ओझं

मुकादमबाईंचा त्या जुन्या दगडी पुलावर भारी जीव. एकच कमान, खाली गुडघाभर पाणी. कमानीचे झिजलेले सांधे खालून भरायला त्यांचा धाकटा दीर परांचीवर चढला होता. वर दुरुस्ती चालू असताना या म्हाताऱ्या कमानीच्या पाठीवर एवढं ओझं कशाला, म्हणून सकाळीच बाईंनी फर्मान सोडलं, "कमानीवरचा मातीचा भराव काढा रे. जरा श्वास घेऊ दे तिला."

माणसांनी अलीकडच्या अर्ध्या अंगाची माती उपसली. नदीत टाकायची मनाई, आणि ट्रक येतो त्या पलीकडच्या काठापर्यंत घमेली वाहायची तर कंबरडं मोडणार. "पलीकडच्या अर्ध्यावर ढीग घाला, संध्याकाळी ट्रक नेईल," बाईच म्हणाल्या. दुपारपर्यंत अलीकडे दगड उघडे पडले आणि पलीकडे पुरुषभर ढीग झाला.

"वहिनी!" खालून दिराची हाक आली. "कालपर्यंत सांध्यात करणीचं टोक शिरत नव्हतं, आज सबंध बोटं जातायत!"

"तुमची बोटं वाळली असतील, भावजी. वेळेवर जेवत जा."

"थट्टा नाही हो. चुना भरतोय तेवढा गिळतेय, वर आणखी मागतेय."

"कुठं?"

"ढिगाच्या बरोब्बर खाली."

बाई हसतच उघड्या दगडांकडे वळल्या आणि हसू तिथंच विरलं. मोकळं केलेलं अंग किंचित वर उचललं होतं. दोन दगडांमधली सकाळची केसाएवढी फट आता अंगठ्याएवढी झाली होती. बघता बघता एक खडा तीत घरंगळला आणि दिसेनासा झाला.

त्यांचे सासरे गवंडी. कमान बांधताना गुणगुणायचे:

दगड दगडाला रेटी, भार नेई दोन्ही काठी
दोन्ही खांद्यां तोलून घाल, एका अंगानं होती हाल

तीस वर्षं ती ओवी बाईंच्या तोंडात होती. डोक्यात आज शिरली.

"ढीग उपसू का, बाई?" फावडी घेऊन दोघं धावले.

"थांबा! पाऊल टाकू नका त्याच्यावर!" बाई कठड्यावरून वाकल्या. "भावजी, खाली उतरा."

"घमेल्यात थोडा चुना उरलाय, वाया जाईल."

"उतरा म्हणते ना!"

"आलोच, दोन मिनिटं..."

"ए! उतर खाली! पळ!"

लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो असा दचकला, की काय झालं हेही न विचारता पाण्यात उडी टाकून धावत सुटला. बाईही माणसांना मागे ढकलत पुलावरून काठावर आल्या.

आवाज आधी आलाच नाही. ढिगाखालचं अंग मुकाट्यानं खचलं, अलीकडचं अंग झोपेतून उठल्यासारखं वर आलं, आणि एकमेकांना धरून बसलेल्या दगडांनी एकदमच हात सोडले. मग तो आवाज.

धूळ खाली बसेपर्यंत बाई घसरत, सरपटत काठ उतरून पाण्यात शिरल्या होत्या. दीर पलीकडे उभा होता, नखशिखांत भिजलेला, अंगावर ओरखडाही नाही. मागे, त्याची परांची होती तिथं, दगडांची रास.

"जुनाच होता, बाई," काठावरून कुणीतरी म्हणालं. "आज ना उद्या पडायचाच."

"नव्हता पडत," बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "दोन्ही अंगांनी सारखा लादलेला होता, म्हणून उभा होता. ढीग मी घालायला लावला. आणि याला त्याच्याखाली परांचीवर मीच चढवलं."