तिसऱ्या दिवसाचं मटण

“हात आधी ओव्यात बुडव, मंग मटणाले लाव. ओवा लागला का मटण दम धरते, बेटा.”

सरवरीचा, तिच्या अम्मीचा, हा आवाज जिकराच्या कानात होता तो तिच्या आठव्या वर्षापासून. ईदचं मटण, गेलेली लाईट, परातीवर वाकलेली अम्मी, आणि ओवा-लवंगेचा तो वास. डोळ्यांत पाणी आणणारा आणि भूकही लावणारा. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. वास तेवढा राहिला. कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रयोगाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा जिकरानं तोच मागून घेतला. ओवा आणि लवंगेच्या तेलानं मटण किती दिवस टिकतं?

तेल कॉलेजातच काढलं. पायलीभर ओवा वाफवावा तेव्हा बोटभर बाटली भरे. पाण्यात टाकलं की ते रुसल्यासारखं वेगळं होऊन वर तरंगे. मग तिनं बाभळीचा डिंक भिजवला, त्यात तेल फेटलं, तेव्हा कुठं ते दुधासारखं एकजीव झालं. थेंब मात्र मोजून, हात आखडूनच घातले. जास्त झालं तर मटण खोकल्याच्या औषधासारखं लागतं.

शेलूबाजारला हायवेलगत तिच्या बापाचं, सैफुद्दीनचं मटणाचं दुकान. तिथल्या फ्रीजमध्ये तिनं दोन डबे ठेवले. एकात साधं मटण, एकात तेलाचं. रोज दहाला ती डबे काढी, वजन करी, बोटानं दाबून पाही, वास घेई आणि वहीत लिही. दुकानाची किल्ली एकट्या सैफुद्दीनजवळ. तो सहालाच शटर वर करायचा.

सैफुद्दीन म्हणजे बाजारातला अजब कसाई. गिऱ्हाईक पिशवी पुढं करी आणि हा सांगे की आजचा बोकड म्हातारा आहे, दोन शिट्ट्या जास्त द्या, नाहीतर उद्या या. लोक हसत, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच्याकडेच येत.

तिसऱ्या दिवशी साधं मटण चिकट झालं, आंबूस वास आला. तेलाचा डबा उघडला तर आत गुलाबी, टवटवीत फोडी. चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या, सहाव्याही. जिकरा दुकानातच हसली, किती दिवसांनी. बाप सत्तूर पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

पुढच्याच महिन्यात सैफुद्दीनला बकरे आणायला चार दिवस बाहेर जायचं होतं. दुकान बंद राहणार. जीप स्टँडजवळ वच्छलाबाईंची खानावळ. त्यांना रोजचं मटण इथूनच जाई. त्या कुरकुरल्या तेव्हा जिकरानं छाती पुढं करून सांगितलं, मावशी, आठ किलो तेल लावून देते, फ्रीजात ठेवा, पाच दिवस बिघडणार नाही. वच्छलाबाईंनी सैफुद्दीनकडे पाहिलं. जिथं बोकडाचं वय सांगितलं जाई, त्याच गल्ल्यावर तो उभा होता. “जरा लवकर लवकरच संपवजा, ताई,” एवढंच बोलला आणि आत गेला.

चौथ्या दिवशी दुपारी वच्छलाबाईंचा फोन आला. डब्याचं झाकण काढलं आणि नाकाला पदर लावावा लागला. कुणाच्या ताटात गेलं नाही, हे नशीब. उरलेलं तीन किलो खड्डा करून पुरलं. ड्रायव्हर लोकांना पिठलं वाढलं, तर एकानं विचारलं, हे बकरं बेसन खाऊन मेलं काय? सगळी खानावळ हसली. वच्छलाबाई हसल्या नाहीत.

जिकरानं वही काढली. कुठं चुकलं ते शोधत पानावर बोट फिरवत गेली. तेलाचा डबा. पहिला दिवस, अडीचशे ग्रॅम. दुसरा, दोनशे सत्तेचाळीस. तिसरा, दोनशे बासष्ट. चौथा, दोनशे छप्पन.

बोट थांबलं. ठेवलेलं मटण पाणी सोडतं, रोज थोडं हलकं होतं. तिसऱ्या दिवशी जड कसं झालं? आकडे तिच्याच अक्षरात होते. आनंदाच्या भरात तिनं ते लिहिले होते, वाचले नव्हते.

सकाळचे सहा ते दहा. किल्ली एकाच माणसाजवळ.

चरबीच्या मटणात तेल चरबीतच मुरून जातं, हे पुस्तकात होतं. तिनं ते वाचून सोडून दिलं, कारण डबा दुसरंच सांगत होता. तिसऱ्या दिवशी हरली असती तर थेंब वाढवले असते, चरबी काढली असती, पुन्हा मांडलं असतं. ते हरणंच कुणीतरी तिच्या पुढ्यातून उचलून नेलं होतं. साऱ्या बाजाराला खरं सांगणाऱ्या माणसानं खोटं बोलायला घरातलंच लेकरू निवडलं.

बाप परतला. तिनं पाणी दिलं, भाकरी वाढली, विचारलं काही नाही. त्यानंच सांगावं, एवढं एकच तिला हवं होतं. दोन दिवस तो बकऱ्यांच्या भावाचं बोलत राहिला.

तिसऱ्या सकाळी वच्छलाबाई रिकामा डबा घेऊन दुकानात आल्या. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी डबा गल्ल्यावर ठेवला. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला.

“जिकरा, तू शिकलेली हायेस म्हून मी भरोसा केला. वीस वर्सं झाले, माह्या खानावळीत कोणं नाक नाही मुरडलं. तुले खात्री नोती त माह्या मटणावर काहून शिकून राह्यली होती व?”

जिकराच्या ओठांवर उत्तर होतं. वही पिशवीतच होती. पान उघडून गल्ल्यावर ठेवलं असतं तरी पुरलं असतं. मग बापाच्या शब्दावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता. तिनं वही काढली नाही. बापाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

सैफुद्दीनचा सत्तूर ठोकळ्यावर थांबला. एक गिऱ्हाईक म्हणालं, भाई, माझं अर्धा किलो. त्यानं ऐकलं नाही. हात फडक्याला पुसले, दोनदा पुसले.

“वच्छलाताई, पोरीले नोको बोलू,” तो म्हणाला. “तिचं मटण तिसऱ्याच दिवशी बिघडलं होतं. तिचा पडलेला चेहरा मले पाहवला नसता. म्हून रोज सकायी ते फेकून मीच ताजं टाकत होतो, अन् वरून तिचंच तेल चोळत होतो. तिले काहीच मालूम नोतं. तू आठ किलो नेलं, तवा मी इथंच उभा होतो. मले मालूम होतं.”