दवाखान्यातली जोडणी

नागभीडच्या एका धर्मादाय दवाखान्यात प्रवीणनं त्या दिवशी चार संगणक जोडायला घेतले होते. लग्न नऊ दिवसांवर आलेलं, तरी घेतलेलं काम अर्धवट सोडणारा तो नव्हता. भिंतीच्या कडेनं केबली ओढून, टोकांना कनेक्टर दाबून त्यानं एकेक केबल संगणक एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या डबीत खोचली. डबीवरचा चौथा दिवा हिरवा लागला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

आता रक्त तपासणीच्या खोलीतल्या नोंदी बाहेरच्या टेबलावर दिसतात का, ते बघायचं होतं. रुखमाबाई सिस्टर म्हणाल्या, टाकून बघ कोणतंही नाव. दुसऱ्याचं कशाला, म्हणून त्यानं स्वतःचं टाकलं. दोन वर्षांमागं या दवाखान्याच्या सिकलसेल शिबिरात, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला, त्यानं रक्त दिलं होतं. अहवाल आणायला मात्र कधी गेला नव्हता.

नाव आलं. पुढे लिहिलं होतं : वाहक.

म्हणजे काय, ते सिस्टरनं समजावलं. तुला स्वतःला त्रास नाही, पण बायकोही वाहक निघाली तर प्रत्येक लेकराला हा आजार व्हायची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणीची कार्डं बघतात. एवढं सांगून त्या आत गेल्या. आपण करतोय ते बरं नाही हे प्रवीणला कळत होतं, तरी बोटं थांबली नाहीत. त्यानं होणाऱ्या बायकोचं, मंजुषाचं नाव टाकलं, गाव चिमूर; तिथंही याच दवाखान्याचं शिबिर झालं होतं.

वाहक.

 सिस्टरनं आतून विचारलं, झालं का चालू? त्यानं हो म्हटलं, अवजारं पिशवीत कोंबली आणि चिमूरची बस धरली.

मंजुषा शिवणाच्या वर्गातून बाहेर पडत होती. रस्त्याच्या कडेलाच त्यानं तिला सगळं सांगितलं, तिचं नाव चोरून बघितल्याचंही. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"माझं मले माहीत आहे," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या दिवशीच माझं कार्ड मी तुमच्या लटारूभाऊले देलं होतं. आठ दिवसांनी त्यायनं सांगितलं, पोराची तपासणी झाली, काही नाई निघालं."

लटारू म्हणजे त्याचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच प्रवीणला शिकवलं होतं.

"मले तर तपासणीचं कोणी विचारलंच नाई," प्रवीण म्हणाला.

संध्याकाळी भावानं काहीच नाकारलं नाही. इतकं चांगलं स्थळ हातचं गेलं असतं, म्हणाला, आणि कपाटातून मंजुषाचं कार्ड काढून दिलं. 

लग्न पुढे ढकललं. चार दिवसांनी दोघं डॉक्टरांपुढे बसले. गरोदरपणात पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, पण त्यासाठी दूरच्या मोठ्या शहरात जावं लागेल, हे त्यांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मंजुषा म्हणाली, "मी अजून हो म्हटलं नाई. विचार करून राह्यली." प्रवीणनं तिला बसस्टँडपर्यंत सोडलं.

तिचा होकार यायला दिवाळी उजाडली. तो निरोप तिनं कोणाच्या हाती दिला नाही. स्वतः फोन केला.