कपाटाच्या पाच चांदण्या

बेकरीवाल्याच्या घरात वयानं सगळ्यांत थोर कोण, तर बरणीतलं आंबवण. त्याच्या आईनं ते तरुणपणी लावलं होतं. ती गेली, ते राहिलं. रोज त्यातलं अर्धं पावाच्या पिठात जायचं. उरलेल्याला मूठभर पीठ नि घोटभर पाणी मिळालं, की ते पोटुशी बाईसारखं हळूहळू वर यायचं. पीठ घालताना आई गुणगुणायची:

फूग गं माझे बाई, फुगताना लाजू नको
दारी आल्या भुकेल्याला रित्या हाती पाठवू नको

बेकरीवाल्याचा आवाज फाटका, पण म्हणायचा तोही. बरणीत बुडबुडा फुटला, की आईनं हुंकार दिल्यासारखं वाटायचं त्याला.

बाबा बरणीला कधी शालीत गुंडाळतात, कधी भट्टीशेजारी बसवतात, हे परगावच्या मुलाला बघवेना. त्यानं उबेचं कपाट पाठवलं. काचेचं दार, दारावर स्क्रीन, आत आंबवणाला सोसेल तेवढीच ऊब. आता निर्धास्त झोपा, म्हणाला.

कपाटाचे नखरे पहिल्या आठवड्यातच सुरू झाले. कधी म्हणे वायफाय सापडत नाही, कधी म्हणे तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. बायको म्हणायची, सासूबाईंनीसुद्धा मला एवढं छळलं नव्हतं.

त्या दुपारी दुकान बंद करून दोघं जेवायला बसणार, तोच कपाट टुणकन वाजलं. अपडेट सुरू झालं होतं. दाराला आपोआप कुलूप बसलं आणि अक्षरं उमटली: कृपया बंद करू नका. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'फळं वाळवणे' असंही आलं. बेकरीवाल्यानं काचेला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. अपडेटच्या नादात कपाट आपलं काम विसरून तापत सुटलं होतं.

"अहो, प्लग काढा," बायको म्हणाली.

प्लगला हात घालून तो थबकला, आणि त्यानं कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं मधाळ आवाजात सांगितलं, मध्येच वीज तोडली तर दार कायमचं अडकेल, आणि तसं आता उरलंयच किती. खरंच फार उरलं नव्हतं. ब्याण्णव टक्के झाले होते. काच फोडावी, तर बरणीच्या तोंडाला नुसतं फडकं, तुकडे आत जायचे.

थोडं वेगळं काढून ठेवायला हवं होतं, बायको पुटपुटली. पण आंबवणाचे वाटे केले की ते रुसतं, ही आईची शिकवण. धाकट्या बहिणीनं लग्न होऊन जाताना चमचाभर मागितलं होतं, तेही त्यानं हसण्यावारी नेलं होतं.

आतलं आंबवण आधी फुगलं, कधी नव्हे इतकं वर आलं.

"बघ, जोर आहे अजून," तो म्हणाला. मग ते कडेकडेनं खचत गेलं.

नव्व्याण्णववर कपाट बसलं, ते डबक्यात म्हैस बसावी तसं. त्यानं त्याला दटावलं, मग विनवलं, शेवटी अहो-जाहोसुद्धा करून पाहिलं.

एकदाची स्क्रीन हिरवी झाली. अभिनंदन, आपलं कपाट पूर्वीपेक्षा चांगलं झालं आहे. आपला अनुभव कसा होता? खाली पाच रिकाम्या चांदण्या. दार बंदच. त्यानं एक चांदणी दाबली. कपाटानं सविस्तर कारण विचारलं. तो लिहीत गेला. संपत आलं, तोच लिहिलेलं सगळं नाहीसं झालं आणि पुन्हा पाच रिकाम्या चांदण्या आल्या.

"द्या हो पाच," बायको म्हणाली. "त्याचं समाधान करा, पण दार उघडून घ्या."

त्यानं पाच दिल्या. कपाटानं आभार मानले आणि दार उघडलं.

खमंग वास आला. त्या वासानंच त्याला कळलं. आंबवणाला आंबूस वास हवा. हा भाजल्या पिठाचा होता. तरी त्यानं मधल्या भागातलं जरा ओलसर वाटलं ते खरवडून घेतलं, त्यात पीठ-पाणी घातलं. आईच्या ओळी त्यानं अर्ध्यावर सोडल्या, त्या बायकोनं पुऱ्या केल्या. दोघांनी आळीपाळीनं बरणी उशाशी घेऊन वाट पाहिली. एक बुडबुडा आला नाही.

दुकान किती दिवस बंद ठेवणार? पाकिटातल्या यीस्टचे पाव भाजले आणि दुकानाचं दार उघडलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो बघत राहिला, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. आईच्या वेळेपासून येणारे एक म्हातारे तेवढे तिथंच तुकडा मोडून खात उभे राहिले.

"आज मऊ झालाय रे," ते म्हणाले. "दात नसलेल्याला हाच बरा. असाच करत जा."

"बरं, काका," तो म्हणाला, आणि पुढच्याचा पाव बांधायला घेतला.