ओठांतल्या टाचण्या

गर्भाची पिशवी काढली, त्याचं मला काही नाही. जन्मभर दुसऱ्यांचं कापड कापलं. एकदा माझ्यावर कात्री चालली तर बोंब कशाला मारायची? पण लघवीची नळी काढल्यापासून थेंब उतरत नव्हता. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर नळी पुन्हा घालू, असं नर्सने बजावलं होतं. त्या नळीचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. सून बिचारी बेसिनचा नळ सोडून ठेवत होती. नळ वाहून दमला, मी आपली ढिम्म.

दुपारी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. म्हणाली, काकू, अंग सैल सोडा. म्हटलं, कमाल आहे, सैल-घट्ट आता ही मला शिकवणार. तिने पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायला लावला, मग मुठी, खांदे, पायाचे अंगठे एकेक करून सोडायला लावले. सगळं सोडलं, तरी ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"काकू, ओठांत काय धरलंय?"

काही नाही, म्हटलं. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, शिवताना धरता तशा टाचण्या धरल्यात तुम्ही. झोपेतही धरता."

बोट लावून पाहिलं. खरंच की, ओठांचा एक कोपरा गच्च आवळलेला, आणि टाचणी एकही नाही! मुलगी म्हणाली, वर आवळलं की खालीही आवळतं. तोंड कुठे, ते कुठे, मला काही पटेना. पण गंमत म्हणून करून पाहिलं. ओठ मिटले, खाली गच्च. ओठ सोडले, खाली सैल. इकडे दोरा ओढला की तिकडे चुण्या पडाव्यात, तसंच. मग मला नादच लागला, मिटून बघ, सोडून बघ.

सुनेच्या हाताला धरून बाथरूममध्ये गेले. बसले, ओठ सोडले. लक्ष हटलं की मेले पुन्हा मिटायचे.

"आई, बोलत राहा," दाराबाहेरून सून म्हणाली. "टाचण्या तोंडात असल्या की तुम्ही बोलत नाही."

काय बोलू? तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मला भीती वाटते गं. तुझे सासरे गेले तेव्हाही वाटली होती. तेव्हा मशीनवर बसून राहिले, कुणाला बोललेच नाही."

मी बोलतच राहिले, रडलेसुद्धा, आणि बोलता बोलता धार कधी सुरू झाली, कळलंच नाही.

सुनेने बाहेरच्या बेसिनचा वाहता नळ बंद केला.

"ऐकू येतंय ना?" मी विचारलं.

"येतंय, आई," ती म्हणाली. "सगळं."