किटलीतला पिवळा डाग

"बाबा, घरात आईचा एक्स-रे आहे, पण फोटो नाही!"

लेक कपाटासमोर जमिनीवर बसली होती. सातवा महिना, म्हणून पाठीला उशी आणि पाय लांब पसरलेले. आईच्या कप्प्यात सापडलेलं मोठं खाकी पाकीट तिने उघडलं होतं आणि आतली काळी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली होती. बरगड्या, मणका आणि उजव्या बाजूला तो पांढुरका ठिपका.

"ठेव ते," तो म्हणाला.

"ठेवते. पण मला एक फोटो द्या. जास्त नकोत, एकच."

"आहेत की. लग्नातला आहे."

"लग्नातल्या फोटोत ती घाबरलेली पोरगी आहे, मी ओळखतसुद्धा नाही तिला. ओळखपत्रावर चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. आणि मावशीकडच्या ग्रुप फोटोत डोळे मिटलेत. मला हसणारी आई हवी, बाबा. उद्या या बाळाने विचारलं, आजी कशी होती, तर काय दाखवू? फुप्फुसं?"

त्याने फिल्म तिच्या हातातून घेऊन पाकिटात सरकवली. ज्याने गेली कित्येक वर्षं सुट्टीचा एक दिवस कॅमेऱ्याशिवाय काढला नाही, त्याच्या घरी बायकोचा एक धड फोटो सापडू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि इथे तर दिवा तीच धरून उभी असायची.

तो एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायचा. "हलू नका. श्वास धरा... सोडा." दिवसभर हेच. बोलून बोलून हे शब्द त्याच्या तोंडात असे बसले होते की भाजीवाल्याने वजनाला काटा लावला तरी तो आपला श्वास धरायचा. इस्पितळात त्याला सगळे 'श्वासधरे' म्हणत. नवीन आलेल्या डॉक्टरांना ते आडनावच वाटायचं आणि तोही त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे.

कॅमेरा त्याने परदेशी निघालेल्या एका डॉक्टरकडून जुना विकत घेतला होता. पहिल्याच दिवशी बायको केस विंचरून, ठेवणीतला ड्रेस घालून समोर येऊन बसली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माणसं नकोत गं. माणसं दिवसभर बघतोच, तीही आतून." मग त्याने कोबी अर्धा कापला आणि त्याचा फोटो काढला. ती उठली, ड्रेस बदलला आणि संध्याकाळी त्याच कोबीची भाजी केली.

कोबीनंतर कुलपं आली, कुलपांनंतर किल्ल्या. मग नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, साबणाचे फुगे, काचेचे ग्लास. एक महिनाभर त्याला धुराने झपाटलं होतं, तेव्हा पडदा थोडक्यात वाचला. प्रत्येक वस्तूला वेगळा उजेड लागतो हे त्याला हळूहळू कळत गेलं. थेंबाला मागून, कुलपाला बाजूने, काचेला खालून. इस्पितळात एक्स-रे लावून बघायचा एक दिव्याचा डबा भंगारात निघाला होता, तो त्याने साहेबांना विचारून घरी आणला. टेबललॅम्पला ट्रेसिंग पेपर गुंडाळला. फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा पांढरा तक्ता तर त्याला पुष्पक विमान मिळाल्यासारखा वाटला. तो तक्ता दिव्यासमोर धरला की उजेड परतून वस्तूच्या काळोख्या बाजूवर पडतो. फक्त कोणीतरी तो धरून उभं राहावं लागतं.

"अहो, एक स्टँड आणा की विकत," बायको म्हणायची.

"तू आहेस ना."

"म्हणजे मी स्टँड?"

"स्टँडला 'थोडं वर' म्हटलेलं कळत नाही. तुला कळतं."

याला तो कौतुक समजायचा. तीही बहुधा तसंच समजून घ्यायची, कारण तक्ता तिने कधी खाली ठेवला नाही. बर्फासारखी घाईची वस्तू असली की आधी उजेड जमवायला तिलाच त्या जागी बसावं लागे. तो चारदोन फोटो काढून बघायचा, दिवा सरकवायचा, पुन्हा काढायचा. "हलू नको. श्वास धर," म्हणायचा. सवयच ती. आणि ते ऐकलं की हिला हसू फुटायचं. गाल फुगवून दोन क्षण दम काढायची आणि मग फसकन हसायची. "अहो, मी काय तुमचा पेशंट आहे?" मग तो तिला उठवून तिथे बर्फ ठेवायचा आणि खरा फोटो काढायचा. संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून चाचणीचे सगळे फोटो पुसून टाकायचे. एका वस्तूचा एकच फोटो ठेवायचा, बाकी कचरा, असा त्याचा शिरस्ता होता. शिस्तीचा माणूस. ती शिस्त आता त्याच्याच मुळावर आली होती.

एक्स-रे त्याने स्वतः काढला होता. बायकोचा खोकला हटेना, तेव्हा रांग नको म्हणून तो तिला दुपारी घेऊन गेला, यंत्रासमोर उभं केलं आणि काचेमागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हलू नको. श्वास धर." या खेपेला ती हसली नाही. श्वास तिला धरताच आला नाही. तीनदा प्रयत्न केल्यावर कुठे फिल्म निघाली. डॉक्टरांनी बघायच्या आधी त्याने ती बघितली होती आणि कॉरिडॉरमध्ये येऊन "काही नाही, जरा कफ आहे" असं तिला सांगितलं होतं. तिने त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली. तिला त्याचा चेहरा वाचता येत होता. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळं आटोपलं.

लेक दोन दिवसांसाठी आली होती. पहिला अख्खा दिवस त्याने घर पालथं घातलं. कॅमेऱ्याच्या जुन्या चिपा, सीडी, कॉम्प्युटरचे कानेकोपरे. सगळीकडे कुलपं, किल्ल्या, थेंब. एका फोटोत कडेला तक्त्यावरची दोन बोटं सापडली. ती बोटं तो बराच वेळ मोठी करून बघत बसला. त्याला स्वतःचा विलक्षण राग आला होता आणि तो राग काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

"जाऊ द्या बाबा," दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली. बापाचा चेहरा बघून तिलाच आता अपराधी वाटायला लागलं होतं. "मी उगाच बोलले. चहा टाकते."

तिने स्टीलची किटली उचलली, पाणी भरलं आणि किटलीच्या फुगीर पोटात स्वतःचं तोंड बघून थबकली.

"आई सांगायची ना, 'मी एकदा या किटलीत राहायला गेले होते, आणि तुझ्या बाबांनी मला हाकलून दिलं.' मला कधी कळलंच नाही ती असं का म्हणायची."

तो खुर्चीतून उठला तो सरळ आतल्या खोलीत गेला. चहा तसाच राहिला.

किटली ही त्याची सगळ्यात गाजलेली वस्तू. चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे डोकेदुखी असते. समोरचं सगळं घर तिच्यात दिसतं. पंखा, खिडकी, कॅमेरा, कॅमेरावाला. त्याने चादरी बांधल्या, स्वतः काळं कापड पांघरलं, पण तक्ता धरणारीचं काय करायचं? ती पिवळा गाऊन घालून उभी होती आणि किटलीच्या बरोबर पोटावर एक पिवळा डाग पडला होता. उजेड मात्र असा जमला होता की पुन्हा जमणं शक्य नव्हतं. त्याने फोटो तसाच घेतला आणि पुढचा आठवडाभर कॉम्प्युटरवर तो डाग घालवत बसला. टीचभर टीचभर जागा, आजूबाजूचं स्टील उचलून तिच्यावर चिकटवायची. ती मागून चहा घेऊन आली आणि पडद्यात डोकावली.

"मी कुठाय?"

"पुसलं तुला."

"बरं केलंत. नाक केवढं दिसत होतं!"

तो ज्या फोटोग्राफी क्लबात जायचा, त्याच्या प्रदर्शनात किटलीपुढे गर्दी झाली. क्लब चालवणारे सर सहसा कोणाला चांगलं म्हणत नसत, पण तेही म्हणाले, "अहो, एकसुद्धा प्रतिबिंब नाही! केलंत काय?" तो फुशारला होता. थोड्या अंतरावर बायको किटलीसमोर उभी होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "यात मी होते." त्या बाईने एकदा फोटोकडे आणि एकदा हिच्याकडे बघितलं आणि ती पुढच्या फोटोकडे सरकली. तेव्हा हे त्याला गमतीचं वाटलं होतं. घरी येईपर्यंत तो हसत होता.

मूळ फोटो त्याने शिरस्त्याप्रमाणे कधीच पुसला होता. पण साफसफाई केलेली फाइल होती. सरांनीच शिकवलं होतं की फोटोला थेट हात लावायचा नाही. चित्रावर पारदर्शक कागद पसरावा तसा वर एक थर घ्यायचा आणि जी काही रंगरंगोटी करायची ती त्या थरावर. खालचं चित्र तसंच राहतं. पण त्याने ती फाइल तशीच थरांसकट ठेवली होती की सगळे थर एक करून बंद केली होती, हे काही केल्या त्याला आठवेना. त्याने फाइल उघडली.

थर होते. वरच्या थराच्या नावापुढे डोळ्याचं लहानसं चिन्ह होतं. त्याने त्यावर टिचकी मारली, डोळा मिटला आणि किटलीत बायको आली.

इवलीशी. किटलीच्या फुगवट्याबरोबर वाकलेली, डोक्यावर पांढरा तक्ता, दोन्ही हात ताणलेले, नाक खरंच केवढंच्या केवढं. आणि तोंड उघडं. ती हसत होती. त्याला क्षणात आठवलं, बटण दाबताना काळ्या कापडाखालून तो काय म्हणाला होता ते.

"सापडली," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की लेकीला स्वयंपाकघरात ऐकू गेलं नाही.

आणि मग, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, तो तिला सुधारायला बसला. आधी किटलीतून कापून वेगळी केली. बाक सरळ केला. मान लांबट झाली, ती आखूड केली. नाक थोडं कमी केलं, मग आणखी थोडं. एवढ्याशा डागातून चेहरा मोठा करायचा म्हणजे चौकोनच चौकोन दिसायला लागतात, ते घासून मऊ केले. दुपारपर्यंत पडद्यावर एक नीटस, सरळ नाकाची, गुळगुळीत गालांची बाई तयार झाली. त्याने लेकीला हाक मारली.

लेक हात पुसत आली. "कोण आहे?" तिने विचारलं.

मागे, मागे, मागे असं करत त्याने सकाळभराचं काम उलटं फिरवलं. नाक परत आलं, बाक परत आला, बाजूने किटली परत आली. लेकीने पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि ती एकदम तोंडावर हात घेऊन हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते दोघांनाही कळलं नाही.

"हीच," ती म्हणाली. "हीच हवी होती. हिला मोठी करता येणार नाही?"

"नाही. मोठी केली की फाटते."

"मग राहू दे. किटलीसकट द्या."

त्याने दोन प्रती काढल्या. एक लेकीने नेली. जाताना गाडीत बसल्यावरही ती मांडीवर घेऊन बघत होती. दुसरी त्याने क्लबाच्या यंदाच्या प्रदर्शनाला दिली. जुना फोटो पुन्हा का, म्हणून तिथे जरा कुरकूर झाली, पण तो कधी काही मागत नाही म्हणून एका कोपऱ्यात जागा मिळाली.

सर फेरी मारत त्या कोपऱ्यात आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटोकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, ही तीच किटली ना? चुकीची प्रत लावलीत तुम्ही. इथे बघा, पिवळा डाग राहिलाय."

"डाग नाही तो. माझी बायको आहे. तक्ता धरून उभी आहे."

ती गेल्याचं सरांना ठाऊक होतं. चष्मा खाली घेऊन ते वाकले आणि किटलीच्या अगदी जवळ गेले.

"हसतायत," ते म्हणाले.

"हो. 'श्वास धर' म्हटलं की तिला हसू यायचं."