मिठीत न लागणारी मूठ

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की त्या खोऱ्यातले पुरुष दिसेनासे होतात. आर्डिथच्या बंदुकांच्या दुकानात एरवी फुकटची कॉफी ढोसत गप्पा हाणणारे रिकामटेकडेही डोंगरावर गेले होते, आणि आर्डिथला त्याचं सुखच होतं. वरून मधूनच गोळीचा आवाज येई. तिकडे कुणी मान वळवत नसे.

अशा दुपारी तिची सून डेल्फा आली. कोट न काढताच तिने पिशवीतून पाच गोळ्यांचं एक छोटं रिव्हॉल्व्हर काढून काउंटरवर ठेवलं.

"आई, ह्याची मूठ बदलायचीय. हातात नीट बसेल अशी. आणि कळता कामा नये."

"हे कुठून आणलंस गं?"

"माझ्या आजीचं आहे."

आर्डिथने ते उघडून आत गोळ्या नाहीत ना ते पाहिलं. मूठ रबराची, गुबगुबीत. गिऱ्हाइकाला विचारायचं ते तिने सवयीने विचारलं, "बाळगणार कुठे?"

"पोटाशी. एप्रनखाली."

"स्वयंपाकघरात? कुणापासून लपवायचंय एवढं?"

डेल्फा खिडकीकडे बघत म्हणाली, "दिसण्याचं सोडा. मिठी मारली तरी लागता कामा नये."

आर्डिथचे हात थांबले. ह्या पोरीला मिठी मारणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आर्डिथच्या पोटचा होता.

"वेंडेल?"

"घरी आला की आधी मिठी. लोकांना वाटतं, काय बाई प्रेम! चाचपतो मला, आई. फोन लपवलाय का, गाडीची किल्ली लपवलीय का." तिने कोटाची कॉलर खाली केली. गळ्यावर बोटं उमटली होती, पिवळ्या पडलेल्या वळांवर ताजी निळी. "परवा म्हणाला, पुढच्या वेळी सोडणार नाही."

"शेरीफकडे जा की."

"शेरीफचा माणूस वेंडेलच्याच ट्रकमधून शिकारीला गेलाय."

खोटं बोलतेस, असं म्हणून तिला हाकलणं सोपं होतं. पण ते वळ आर्डिथच्या ओळखीचे होते. वेंडेलच्या बापाची, हॉबर्टची बोटंही अशीच उमटायची. हॉबर्ट गेला तेव्हा, बंदूक साफ करताना गोळी सुटली, असं आर्डिथने सांगितलं होतं आणि गावाने मान डोलावली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने दाराला कडी घातली आणि काउंटरखालून जुन्या मुठींचा खोका काढला. लोक नव्या मुठी बसवून घेतात आणि जुन्या तिथेच टाकून जातात.

"रबर हाताला बरं, धक्का कमी बसतो," ती म्हणाली. "पण कापडाला चिकटतं. एप्रन वर येईल. ही हाडाची बघ."

"गुळगुळीत आहे. निसटते."

"मग ही. करंगळी खाली दुमडून घे. अशी नाही, सैल सोड."

दोघी इतक्या शांतपणे काम करत होत्या, जणू लग्नाचा झगा बेतायचा होता. डेल्फाने कोट उतरवला होता. प्रत्येक मूठ बसवली की ती रिव्हॉल्व्हर पोटाशी खोचून पिशवीतून आणलेला एप्रन बांधायची आणि हात पसरून उभी राहायची. आर्डिथ तिला मिठी मारायची, अगदी वेंडेल मारतो तशी, घट्ट.

"लागतंय." मग दुसरी. "अजून लागतंय."

खोका संपला. मग आर्डिथने स्वतःच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं, हॉबर्टच्या वेळचंच, आणि त्याच्या मुठीचा एकुलता स्क्रू फिरवला. अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पातळ फाका तिच्या तळहातावर पडल्या. अंगठ्याच्या जागी एक खळगी झिजली होती. त्या फाका डेल्फाच्या रिव्हॉल्व्हरला बसवल्या, तसा डेल्फाचा अंगठा त्या खळगीत नेमका जाऊन बसला.

ह्या वेळी मिठीत काही लागलं नाही. फक्त पोरीचं काळीज धडधडत होतं.

"काही कळत नाही," आर्डिथ म्हणाली, आणि क्षणभर तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला. मग तिची तिलाच शिसारी आली.

डेल्फा गेली. दिवे लागायच्या वेळेला वेंडेल आला, बाह्यांवर हरणाचं वाळलेलं रक्त, चेहरा पोरासारखा फुललेला.

"आई, केवढा नर मिळाला म्हणून सांगू! काळीज तुला आणलंय. तुला आवडतं ना कांद्यात परतून?"

तिला भडभडून आलं. काही झालं तरी तिचा एकुलता एक. आज इथेच झोप, घरी जाऊ नकोस, सगळं सांगते तुला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"बस जरा," ती म्हणाली. "दुपारी डेल्फा येऊन गेली."

वेंडेल हसतच होता. फक्त डोळे हसायचे थांबले.

"कशाला?"

"सहज."

"सहज? मला नाही बोलली ती. आणि किल्ली कुठून मिळाली तिला?" तो एकेक बोट मोडू लागला, सावकाश, लाडाने. "बघतो आज तिच्याकडे. तू नको काळजी करूस."

आर्डिथने ओठांवरचं गिळलं.

"जा मग," ती म्हणाली. "वाट बघत असेल ती."

त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि तो गेला. ती दारात उभी राहिली. वळणावर त्याचा ट्रक हळू झाला. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. तिने मारली नाही.